घरमालकिणीची संमती

खांदेश्वर, ४ ऑक्टोबर २०२४

प्रिय वैशाली,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शहाजीला फोन केला तर तो दर वेळी सांगतो, ताई देवळात गेलीय. सकाळी सातला, दुपारी दोनला, संध्याकाळी पाचला. कोरेगावात एवढी देवळं आहेत हे लग्नाला चौतीस वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. तुझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. त्याला फार दमवू नकोस.

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. त्या दिवशी तू कपाटात लाइटचं जुनं बिल शोधत होतीस आणि हाताला निखिलच्या लग्नाचा दाखला लागला. आपल्या एकुलत्या एका मुलाचं लग्न झालंय हे आईला असं कळू नये. त्यात नवरीचं नाव परदेशी, व्हिएतनामचं. आणि खाली साक्षीदार क्रमांक एक म्हणून माझी सही. तू नवरीचं नाव एकदा वाचलंस आणि माझी सही तीनदा वाचलीस. मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिशव्या भरून तू पनवेलहून साताऱ्याची एसटी धरलीस. मी स्टँडवर पिशवीला हात लावायला गेलो तर ती दुसऱ्या हातात घेतलीस.

लग्न चौदा जूनला झालं. तेव्हा तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना त्रास होईल असं काही कानावर घालू नका. ते मी मनावर घेतलं. मग श्रावणात सांगू, गणपतीत सांगू, असं करत राहिलो. चुकलं.

घर ठीक आहे. तळमजल्यावरच्या काशीताई रोज विचारतात, "वैशाली कवा येनार हाय?" मी सांगतो, भावाकडे काम आहे, येईल. जेवणाची काळजी करू नकोस, मी करतो. भात जरा जास्त होतो, इतकंच.

पथ्य पाळतेस ना? तळलेलं खाऊ नकोस. शहाजीच्या घरी प्रत्येक गोष्ट तळतात.

तुझा,
विलास


खांदेश्वर, २१ ऑक्टोबर २०२४

प्रिय वैशाली,

मागच्या पत्रात मी लिहिलं की जेवण मी करतो. ते खरं नाही.

निखिल आणि त्याची बायको २२ सप्टेंबरपासून आपल्या घरी राहतात. उरणच्या गोदामाला जवळ पडतं म्हणून तो उलव्यात मित्राबरोबर राहतो असं आपण तुला सांगत होतो, तो मित्र म्हणजे तीच. 'आपण' काय, मी सांगत होतो. तिथल्या घरमालकाला कळलं की परदेशी माणूस घरात ठेवला तर पोलिसांत नोंद करावी लागते. तो घाबरला आणि आठ दिवसांत जागा सोडा म्हणाला. निखिलने मला फोन केला. मी म्हटलं, या. तुला विचारलं नाही. हे दुसऱ्यांदा झालं, मला कळतंय.

तिचं नाव लान. वय एकोणतीस. निखिलला कंपनीने आठ महिने हायफाँगला पाठवलं होतं, तिथल्या ऑफिसात ती कंटेनरचे कागद बघायची. ठेंगणी आहे, भराभर चालते, आणि घरात शिरताना चपला जोडून भिंतीला लावून ठेवते. माझ्यासुद्धा ठेवते. मराठीत तिला 'बाबा, बसा', 'बास' आणि 'किती वाजले' एवढं येतं. बाकी आम्ही इंग्रजीत बोलतो. तिचं आणि माझं इंग्रजी दोन्ही ऑफिसातलं आहे, त्यामुळे जमतं.

आता कामाचं. ती आली आहे पर्यटक म्हणून. इथे बायको म्हणून राहायचं तर व्हिसा बदलून घ्यावा लागतो. तिच्या व्हिसाची मुदत ६ जानेवारीला संपते. त्याच्या आत अर्ज सगळ्या कागदांसकट दाखल झाला तर निकाल लागेपर्यंत ती इथे राहू शकते. नाही झाला तर तिला परत जावं लागेल, आणि तिकडून पुन्हा पहिल्यापासून. त्याला किती महिने लागतील हे कुणी सांगत नाही. निखिलच्या शिफ्ट बदलत असतात, म्हणून फाइल मी हातात घेतली. म्हटलं, सरकारी ऑफिसात तेहेतीस वर्षं काढली, कागद म्हणजे आपला हातचा मळ.

मागच्या सोमवारी लान आणि मी परदेशी नोंदणीच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या मुलीने लग्नाचा दाखला आणि लानचा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. पासपोर्टात तिचं नाव फाम थी लान असं आहे. दाखल्यात नाव फाम, वडिलांचं नाव थी, आडनाव लान. त्या मुलीने मान वर करून विचारलं, "काका, हा फॉर्म कुणी भरला होता?"

मी म्हटलं, "मी."

तर झालं असं, की त्यांच्याकडे आडनाव आधी येतं. फाम हे आडनाव, लान हे नाव. आणि मधला 'थी' हा बायकांच्या नावात असतो, आपल्याकडे 'बाई' लावतात तसा. म्हणजे मी सरकारी दाखल्यावर तिच्या बापाचं नाव 'बाई' असं लावून ठेवलंय. लानला हे समजावून सांगितल्यावर ती तोंडाला ओढणी लावून एवढी हसली की रांगेतली माणसं बघायला लागली. तिचे वडील ती लहान असताना गेले. त्यांचं नाव दुंग होतं.

आता दाखला दुरुस्त करून घ्यायचा. तोपर्यंत पुढचं काही होत नाही.

तू रागावली असशील. रागाव, पण कोरेगावात आता थंडी पडेल, कानाला बांध.

विलास


खांदेश्वर, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय वैशाली,

दाखला दुरुस्त झाला. पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला प्रतिज्ञापत्र आणा, दुसऱ्या खेपेला ते वेगळ्या नमुन्यात आणा, तिसऱ्या खेपेला साहेब नव्हते. चौथ्या खेपेला तिन्ही साक्षीदार समोर हवेत म्हणाले. निखिलचा मित्र मितेश अर्धी रजा टाकून उरणहून आला. मीही साक्षीदार क्रमांक एक म्हणून पुन्हा सही केली. या वेळी पेन हातात घेतलं तेव्हा तू कपाटासमोर उभी असलेली दिसलीस.

लान बाकावर माझ्या शेजारी बसायची. डब्यात पेरूच्या फोडी आणि तिखटमीठ घेऊन यायची आणि ओळख नसलेल्या माणसांपुढेही डबा धरायची. मी चिडचिड करत होतो, ती करत नव्हती. तिने मला विचारलं, तुमच्या ऑफिसात लोक किती वेळ बसायचे? मी म्हटलं, बसायचे बराच वेळ. मग तिच्या डब्यातली एक फोड उचलली.

विमलबाई आठवतात तुला? सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते नीट करून घ्यायला त्या अकरा वेळा आल्या. दर वेळी मी 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायचो. कारण काही नव्हतं, गठ्ठा वरच्या फळीवर होता. मी घरी येऊन ते गमतीने सांगितलं होतं. तू हसली नव्हतीस. ताट वाढता वाढता म्हणालीस, दर वेळी त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल. मला तेव्हा ते बोलणं उगाच वाटलं होतं.

दिवाळी झाली. तुझ्या वहीत बघून निखिलने भाजणी दळून आणली आणि लानने चकल्या करायला घेतल्या. सगळ्या तुटल्या. काशीताई वर आल्या, पीठ बोटाने दाबून म्हणाल्या, "घट्ट हाय, वाईच पानी घाल." त्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या, ही व्हिएतनामीत, आणि दोघींचं अडलं नाही. जाताना त्यांनी सुकटीची पुडी दिली. लानला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. तुझ्या स्वयंपाकघरात आता सुकटीचा वास आहे. खिडक्या उघड्या ठेवतोय.

तुझ्याशिवायची दिवाळी पहिलीच. उटणं कुठे ठेवतेस ते सापडलं नाही. लक्ष्मीपूजनाला निखिल तुला फोन लावून गॅलरीत उभा होता. वाजून वाजून बंद झाला. त्या दिवशी तो जेवला कमी.

अर्जात आता एक छोटासा कागद राहिला आहे. तो मी बघतो. तुला त्याचा त्रास नको.

विलास


खांदेश्वर, २ डिसेंबर २०२४

प्रिय वैशाली,

गुरुवारी सकाळी लानची आजी गेली. वडील गेल्यावर आई कारखान्यात जायची, त्यामुळे हिला वाढवलं ते आजीनेच. लान गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिच्या आईचा फोन आला. फोन झाल्यावर तिने राहिलेले कपडे वाळत घातले, चिमटे लावले, आणि मग आत येऊन मला सांगितलं. निखिल कामावर होता.

तिने एवढंच विचारलं, मला जाता येईल का? मी तिला घेऊन तडक ऑफिसात गेलो. तिथले अधिकारी चांगले वागले, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, तिला कोणी अडवत नाही, ती आज संध्याकाळी जाऊ शकते. पण देशाबाहेर गेली की इथलं सगळं संपलं, परत येण्यासाठी तिकडून नवा अर्ज. ती बाहेर बाकावर तासभर बसली. निखिल तोवर पोचला. तो म्हणाला, तू जा, मागचं मी बघतो. ती म्हणाली, मी निघताना आजीने सांगितलं होतं, काम अर्धवट टाकून परत येऊ नकोस. मग आम्ही रिक्षाने घरी आलो.

संध्याकाळी तिने आजीचा फोटो छापून आणला आणि कुठे ठेवू विचारलं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तुझ्या आईंचा फोटो आहे, त्याच्या बाजूला मी जागा करून दिली. हा कुणाचा फोटो, तिने विचारलं. मी सांगितलं. आणि मग का कोण जाणे, तुला मी तुझ्या आईंच्या वेळी नेलं नव्हतं, तेही सांगितलं.

शहाजीची तार दुपारी आली होती. त्या वेळी ऑफिसात तपासणी होती. मी म्हणालो, उद्या निघू, आता जाऊनही काय करणार. आपण दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. तू वेशीपासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली आणि मी तुझी माफी मागितलेली नाही. मला वाटायचं, तू विसरलीस. तू विसरली नाहीस हे मला माहीत होतं, पण मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

लानने दोन वाट्या भात वाढला. एक तिच्या आजीपुढे, एक तुझ्या आईंपुढे. रोज ठेवते. मला वाटलं, हे तुला कळवावं.

विलास


खांदेश्वर, १५ डिसेंबर २०२४

वैशाली,

आज सगळं सरळ लिहितो.

राहिलेला कागद छोटा नाही. लान जिथे राहते त्या जागेच्या मालकाचं संमतीपत्र लागतं. ही जागा तुझ्या नावावर आहे. सोडतीचा अर्ज मी तुझ्या नावाने भरला होता आणि चिठ्ठी तुझ्या नावाने निघाली. त्या वर्षी तू सगळ्या चाळीत पेढे वाटलेस. म्हणजे घरमालक तू. तुझी सही नसेल तर अर्ज दाखल होत नाही. मला हे दिवाळीच्या आधीपासून माहीत आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, एवढी पत्रं या सहीसाठीच होती. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला या कागदाचा पत्ताही नव्हता, पण हे तू का मानावंस? मी दुसरे मार्ग शोधले. कळंबोलीत निखिलच्या ओळखीचा एक जण भाडेकरार करून द्यायला तयार होता, राहायचं इथे आणि कागदावर तिथे. लान नको म्हणाली. उद्या कोणी बघायला आलं तर मी कुठे उभी राहू, म्हणाली.

परवा निखिल आणि ती बाजारात गेले होते. मी टेबलाशी बसून वर्तमानपत्राच्या कडेवर तुझी सही काढून बघत होतो. 'वै'ची मात्रा तू जरा लांब ओढतेस. सहाव्या वेळेला अगदी तशी जमली. मग संमतीपत्राचा कागद पुढे घेतला. पेन टेकवलं. आणि तू कपाटाशी उभी राहून ज्या नजरेने माझी सही वाचत होतीस, ती नजर आठवली. एकदा तुझ्यापासून माझी सही लपवली, आता तुझी चोरायला बसलो होतो. कागद फाडला. वर्तमानपत्रही फाडलं.

आणखी एक. ऑपरेशनचं मी जे लिहिलं ते अर्धंच खरं होतं. तुझे टाके जूनमध्येच सुकले होते. मी तुला घाबरलो होतो. तू शहाजीच्या मेहुण्याची मुलगी बघून ठेवली होतीस, तू रडशील, निखिल तोडून बोलेल, आणि मला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागेल, म्हणून मी तुझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.

या पत्रासोबत कागद पाठवत नाही. सही मागत नाही. सहा जानेवारीला ती गेली तर निखिल तिच्या मागे जाईल बहुतेक. मग मी कोरेगावला येईन. देवळाच्या पायरीवर बसेन, म्हणजे शहाजीचं बोलणं निदान अर्धं तरी खरं होईल.

विलास


कोरेगाव, २१ डिसेंबर २०२४

निखिलच्या बाबांना,

तुमची सगळी पत्रं पोचली. वाचली. उत्तर दिलं नाही कारण द्यायचं नव्हतं.

तुम्ही पाच पत्रांत सगळं लिहिलंत, फक्त मी का गेले ते तुम्हाला अजून कळलेलं दिसत नाही. तुम्हाला वाटतं मी 'नाही' म्हटलं असतं. म्हटलंच असतं. आठ दिवस घर डोक्यावर घेतलं असतं, शहाजीला बोलावलं असतं, निखिलशी बोलले नसते. पण मला 'नाही' म्हणायला मिळालं असतं. आणि मग नवव्या दिवशी 'हो' म्हणायलाही मिळालं असतं. तुम्ही दोन्ही काढून घेतलंत. मुलाच्या लग्नात मला रुसायचासुद्धा हक्क ठेवला नाहीत.

आईच्या वेळचं लिहिलंत ते बरं केलंत. त्यावर मी काही लिहीत नाही. भेटल्यावर बोलू, नाहीतर नाही बोलू.

तुम्ही तिच्या आजीबद्दल पानभर लिहिलंत. त्या बाईचं नाव काय होतं? तुमच्या पत्रात नाव नाही. तुम्ही विचारलंच नसेल. विचारून ठेवा. ज्यांच्यापुढे रोज माझ्या घरात भात ठेवला जातो, त्यांचं नाव मला माहीत हवं.

सही पोस्टाने पाठवायची नाही. मी बुधवारी येते. पनवेलला दुपारी उतरेन. पिशव्या तीन आहेत, शहाजीच्या बायकोने कुरडया दिल्या आहेत. स्टँडवर या.

उटणं फ्रिजवरच्या पत्र्याच्या डब्यात आहे. चाळीस वेळा सांगितलंय.

वैशाली


खांदेश्वर, १ मार्च २०२५

विहीणबाई होआ यांना विलास आणि वैशाली निकम यांचा नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितो आहे. निखिल त्याचं इंग्रजी करेल आणि लान तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवेल. वाटेत काही सांडलं तर आम्हाला दोष देऊ नका. वैशाली शेजारी बसली आहे आणि मी काय लिहितो ते बघते आहे.

लानचा व्हिसा झाला. २४ फेब्रुवारीला कळलं. चार मार्चला ती विमानात बसेल, म्हणजे ताम आजींच्या शंभराव्या दिवसाला ती तुमच्याजवळ असेल. त्यांना निरोप द्यायला तिला येता आलं नाही, याबद्दल आम्ही तुमचे अपराधी आहोत. दाखल्यावर नाव चुकवून महिना घालवला तो मी.

लान तुम्हाला सगळं सांगत नसेल, म्हणून मी सांगतो. आमच्या घरात तीन महिने भांडण होतं. मुलाचं लग्न मी माझ्या बायकोपासून लपवलं होतं आणि ती माहेरी निघून गेली होती. घर तिचं, आणि तिच्या सहीशिवाय तुमच्या मुलीचा अर्ज पुढे जात नव्हता. नाताळच्या दिवशी ती परत आली. लानने दार उघडलं. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. लानला आम्ही नमस्कार करायला शिकवलं होतं, पण ते विसरून ती तुमच्या पद्धतीने दोन्ही हात पोटाशी धरून वाकली. वैशाली म्हणाली, "आधी पिशवी धर, हात दुखतायत." लानला शब्द कळले नसतील, पण तिने तिन्ही पिशव्या घेतल्या.

जेवण झाल्यावर मी संमतीपत्र पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, 'सदर परदेशी नागरिक माझ्या घरी राहण्यास माझी हरकत नाही.' वैशालीने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, मी यावर सही करणार नाही. ती म्हणाली, हरकत होती, खोटं का लिहू? 'माझी संमती आहे' असं लिहा. मी कागद नव्याने लिहिला. तिने सही केली, मात्रा लांब ओढून. तीस डिसेंबरला अर्ज दाखल झाला.

सतरा जानेवारीला पोलीस स्टेशनमधून एक बाई चौकशीला आल्या, अबोली नावाच्या. हे लग्न खरं आहे की फक्त व्हिसासाठी केलेलं आहे, हे बघणं त्यांचं काम. त्यांनी कपाट पाहिलं, निखिलला आणि लानला वेगळं बसवून विचारलं. काशीताईंना विचारलं, तर त्या चकल्यांचंच सांगत बसल्या. शेवटी वैशालीला विचारलं, "लग्नाला तुम्ही हजर होता ना?"

तिने 'हो' म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता.

वैशाली म्हणाली, "नव्हते. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या बाईंनी लिहायचं थांबवलं. त्यांनी विचारलं, मग हे लग्न खरं आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?

"अहो, खोटं असतं तर आधी मला दाखवायला आणलं असतं," वैशाली म्हणाली. "फोटोत मला मध्ये बसवलं असतं. माझ्या भीतीने लपवून केलंय, त्या अर्थी खरंच आहे. आणि ही माझ्या परवानगीशिवाय घरात आली. आता माझ्या परवानगीशिवाय तिला कोणी बाहेर पाठवायचं नाही, एवढं तुमच्या कागदात लिहा."

बाई हसल्या. त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही, पण जाताना त्यांनी वैशालीच्या हातचा दुसरा कप चहा घेतला. लान आत जाऊन ओट्याशी उभी होती. निखिलने तिला सगळं सांगितलं तेव्हा ती रडली. इतक्या महिन्यांत, आजी गेल्यावरसुद्धा, ती आमच्यासमोर रडली नव्हती. वैशाली तिला म्हणाली, पोहे करपतील, गॅस बारीक कर, आणि स्वतःच जाऊन बारीक केला.

मला वाटलं नव्हतं की इतक्यात दोघींचं जमेल. अजून पुरतं जमलेलं नाही. सुकटीवरून दर दोन दिवसांनी वाजतं. वैशाली मराठीत बोलते, लान इंग्रजीत, मग दोघी माझ्याकडे बघतात. पण तुमच्या आईंची सगळी हकिगत तिने लानकडून काढून घेतली आहे. त्यांना कोणतं फळ आवडायचं, त्या कुणावर रागवायच्या, सगळं. मला त्यातलं निम्मंही माहीत नाही.

लानबरोबर कुरडया पाठवत आहोत. तळून खायच्या. आणि एक साडी आहे, तुमच्यासाठी, वैशालीने खारघरला जाऊन घेतली. नेसायची कशी ते लान दाखवेल. तिलाही नीट येत नाही, पण दोघी मिळून जमवा.

आता वैशाली सांगते आहे ते लिहितो.

ती म्हणते, व्हिसावर तारीख आहे. आमच्याकडून नाही. माहेरी गेलेल्या मुलीला परतीचा दिवस विचारू नये. लानने हवं तेवढं राहावं, आईजवळ झोपावं, आईच्या हातचं खावं. सासरची घाई करू नये.

एवढं लिहून झालं. मी विचारलं, संपवू का? ती म्हणाली, नाही, अजून एक ओळ लिहा. तीस मार्चला आमचा पाडवा आहे. त्या दिवशी ती घरी असली तर बरं.

आपले,
विलास आणि वैशाली